सर्व्हर का रडतो, याचं गणित कॉम्प्युटर जन्माला येण्याआधीच एका मास्तरानं सोडवून ठेवलं होतं

महिन्याची २० तारीख. वेळ दुपारी ४. ठिकाण बोरिवली वेस्टमधलं कुठलंही सीए ऑफिस.

जीएसटीआर-३बी भरायचा शेवटचा दिवस आहे. बाराजण एकाच व्हर्च्युअल मशीनवर रिमोट लॉगिन करून बसलेत. कोणी पर्चेस रजिस्टर काढतंय, कोणी लेजर जुळवतंय, कोणी एक्सेलमध्ये एक्स्पोर्ट मारलाय. आणि स्क्रीनवर ते निळं गोल चक्र फिरतंय. फिरतंय. फिरतंयच.

सर आतून ओरडतात, झालं का? बाहेरून उत्तर जातं, सर, सर्व्हर स्लो आहे.

मग होस्टिंगवाल्याला फोन. तो म्हणतो प्लॅन अपग्रेड करा, जास्तीचे कोअर घ्या. सर चरफडत पैसे भरतात. आठ दिवस बरं वाटतं. पुढच्या २० तारखेला पुन्हा तेच चक्र. इकडे रिटर्न उशिरा गेलं तर दिवसाला ५० रुपये लेट फी आणि थकलेल्या करावर वर्षाला १८ टक्के व्याज. म्हणजे सर्व्हर रडतो आणि खिसा क्लायंटचा कापला जातो.

अंधेरी एमआयडीसीपासून मुलुंड, घाटकोपरच्या गाळ्यांपर्यंत हजारो छोट्या धंद्यांची हीच रड आहे. आणि यातली खरी गंमत काय आहे माहितीये? हे चक्र का फिरतं, कधी फिरतं आणि ते थांबवायला नेमकं किती लागतं, याचं गणित १९१७ साली सोडवून झालेलं आहे.

ज्यानं सोडवलं तो माणूस १९२९ साली वारला. त्यानं आयुष्यात एकही कॉम्प्युटर पाहिला नाही. पण तुम्ही आज सकाळी व्हॉट्सॲपवर गुड मॉर्निंग पाठवलं असेल, तर त्या मेसेजच्या प्रवासात त्याचं नाव होतं.

त्या माणसाचं नाव आग्नर क्रारुप एर्लांग. ही त्याची गोष्ट.

पुस्तक उलटं धरून वाचणारा पोरगा

१ जानेवारी १८७८. डेन्मार्कमधल्या जटलंड भागातलं लोनबोर्ग नावाचं खेडं. वडील हान्स एर्लांग गावच्या शाळेत मास्तर, शिवाय चर्चमधली कारकुनी त्यांच्याकडे. घर आणि शाळा जवळपास एकच. आई माग्दालेन ही क्रारुप घराण्यातली. या घराण्यात चर्चची माणसं बरीच, पण पूर्वजांमध्ये एक गणितीही होता. थॉमस फिंके त्याचं नाव.

आता हा फिंके कोण? तर दहावीच्या त्रिकोणमितीत आपल्याला छळणारे टॅन्जन्ट आणि सीकॅन्ट हे दोन शब्द आहेत ना, ते १५८३ साली आपल्या पुस्तकातून रूढ करणारा हाच गडी. म्हणजे गणित आईकडून रक्तातच आलं होतं म्हणायला हरकत नाही.

आग्नरला दोन वर्षांनी मोठा भाऊ होता, फ्रेडरिक, आणि दोन धाकट्या बहिणी. संध्याकाळी दोघं भाऊ एकच पुस्तक घेऊन टेबलावर समोरासमोर बसायचे. फ्रेडरिक सरळ बाजूनं वाचायचा आणि आग्नर समोरून, म्हणजे उलट्या अक्षरांत. एक वस्तू, दोन गिऱ्हाईकं आणि कुणालाच थांबावं लागत नाही. पुढे आयुष्यभर याच प्रश्नावर काम करायचंय, हे त्या पोराला तेव्हा ठाऊक असण्याचं कारण नव्हतं.

ग्रहताऱ्यांचं वेड होतं. त्यावर तो कविता करायचा.

गावातलं शिक्षण संपल्यावर त्याला खासगी शिकवणी लावली आणि कोपनहेगनला परीक्षेला पाठवलं. वय १४. एवढ्या लहान मुलाला परीक्षेला बसायला खास परवानगी काढावी लागली. पोरगा विशेष प्राविण्यानं पास झाला आणि गावी परत आला. वडिलांच्याच शाळेत दोन वर्षं पोरांना शिकवलं. सोबत फ्रेंच आणि लॅटिन शिकला.

वडिलांना त्याला विद्यापीठात घालायचं होतं, पण मास्तराच्या पगारात ते बसत नव्हतं. शेवटी एका लांबच्या नातेवाइकानं फुकट राहायची सोय केली. तिथं राहून प्रवेश परीक्षेची तयारी झाली, शिष्यवृत्ती मिळाली आणि आग्नर कोपनहेगन विद्यापीठात दाखल झाला. १९०१ साली तो एमए होऊन बाहेर पडला. मुख्य विषय गणित, जोडीला खगोल, भौतिक आणि रसायनशास्त्र.

सात वर्षं मास्तरकी, मग टेलिफोन कंपनी

पुढची सात वर्षं एर्लांग यांनी वेगवेगळ्या शाळांमध्ये शिकवलं. चांगलं शिकवायचे. स्वभाव मात्र अबोल. चारचौघांत बसले तरी बोलण्यापेक्षा बघण्यात जास्त रस. बोललेच तर मोजकं आणि नेमकं. मित्रांनी त्यांना टोपणनावच ठेवलं होतं, त्याचा अर्थ आपल्यात रमणारा खासगी माणूस. सुट्टी लागली की फ्रान्स, जर्मनी, स्वीडन, ब्रिटन गाठायचं आणि तिथली कलादालनं, ग्रंथालयं पालथी घालायची, हा एकच शौक.

नोकरी करताना गणित सुटलं नव्हतं. डेन्मार्कच्या गणितज्ञांच्या संघटनेत त्यांचं जाणं-येणं होतं. तिथे त्यांची गाठ पडली योहान जेन्सन यांच्याशी.

हे जेन्सनही भारी प्रकरण. गणितात जेन्सनची असमानता म्हणून जे शिकवतात ते यांचंच. पण विद्यापीठात त्यांनी कधी नोकरी केली नाही. पोटापाण्यासाठी ते कोपनहेगन टेलिफोन कंपनीत मुख्य इंजिनिअर होते आणि गणित फावल्या वेळात. कंपनीचे प्रमुख योहानसेन यांनाही एक प्रश्न छळत होता, आणि तो सोडवायला इंजिनिअर नाही तर गणिती लागणार हे त्यांना कळलं होतं. जेन्सननी एर्लांग यांचं नाव पुढे केलं. १९०८ साली तिशीतले एर्लांग मास्तरकी सोडून टेलिफोन कंपनीत रुजू झाले.

प्रश्न काय होता?

तेव्हा टेलिफोन म्हणजे काय चीज होती ते आधी समजून घेऊ. आपल्या मुंबईत टेलिफोन एक्सचेंज आलं १८८२ साली. फोन उचलला की थेट समोरचा माणूस नाही, ऑपरेटर यायचा. त्याला नंबर सांगायचा, मग तो बोर्डवर वायर खोचून दोन टोकं जोडून द्यायचा. कोपनहेगनमध्येही हेच.

आता समजा एका उपनगरात ५०० फोन आहेत. त्यांना शहराशी जोडणाऱ्या लाइन किती टाकायच्या?

५०० टाकल्या तर कुणालाच थांबावं लागणार नाही, पण कंपनी बुडेल. कारण ५०० जण एकाच क्षणी बोलत नाहीत. ५ टाकल्या तर खर्च वाचेल, पण लोक फोन हातात धरून बसतील आणि शिव्या घालतील. मग बरोबर आकडा कोणता? २०? ४०? १००?

बऱ्याच टेलिफोन कंपन्या हा आकडा अंदाजपंचे ठरवायच्या. ज्यांच्या घरी ट्रंक कॉल बुक करून तासन्‌तास वाट पाहिलेले आजी-आजोबा आहेत, त्यांना हा प्रश्न किती खरा होता ते विचारा.

आणि आता यातलं टेलिफोन हटवा आणि व्हर्च्युअल मशीन ठेवा. एका मोठ्या सर्व्हरमध्ये खरे कोअर समजा १६. त्यावर होस्टिंगवाल्यानं दहा-बारा गिऱ्हाइकांना मिळून ६४ व्हर्च्युअल कोअर विकलेत. सगळे एकाच क्षणी वापरणार नाहीत, या भरवशावर. यात फसवणूक नाही, हाच धंदा आहे. म्हणूनच तो स्वस्त पडतो. पण १६ वर ६४ विकायचे की १६ वर १६०, हा प्रश्न शंभर टक्के कोपनहेगनवालाच.

शिडी, मॅनहोल आणि साहेब

एर्लांग कंपनीत आले तेव्हा त्यांच्या हाताखाली माणूस नव्हता. पुढे ते कंपनीच्या प्रयोगशाळेचे प्रमुख झाले, पण सुरुवातीला मोजमापं त्यांची त्यांनाच करावी लागायची. जमिनीखालच्या केबलभोवती भरकटणारे विजेचे प्रवाह मोजणं हे त्यातलंच एक काम.

त्यामुळे कोपनहेगनच्या रस्त्यावर एक दृश्य नेहमीचं झालं होतं. पुढे एर्लांग, मागे शिडी घेतलेला एक कामगार. मॅनहोलचं झाकण उघडायचं, शिडी सोडायची आणि एमए झालेले साहेब स्वतः खाली उतरणार.

हा किस्सा मुद्दाम सांगतोय. कारण सर्व्हर स्लो झाला की आपण पहिली गोष्ट काय करतो? मोजत नाही. थेट पैसे फेकतो.

१९०९ : सरासरी फसवते

कामाला लागल्यावर वर्षभरातच, १९०९ साली, एर्लांग यांचा पहिला महत्त्वाचा निबंध आला. विषय, संभाव्यता आणि टेलिफोनवरची संभाषणं. त्यातला मुद्दा साधा वाटतो, पण तिथंच सगळी मेख आहे.

एका एक्सचेंजला तासाला ६० फोन येतात. म्हणजे मिनिटाला एक. बरोबर?

सरासरी म्हणून बरोबर. प्रत्यक्षात साफ चूक. लोक एकमेकांना विचारून फोन करत नाहीत. त्यामुळे फोन रांगेत, शिस्तीत येत नाहीत, घोळक्यानं येतात. एर्लांग यांनी दाखवलं की हे घोळके पॉइसाँ नावाच्या फ्रेंच गणितज्ञाच्या नियमाप्रमाणे पडतात. त्या नियमानं हिशेब केला तर तासातली साधारण २२ मिनिटं एकही फोन येत नाही. २२ मिनिटं एकेकच येतो. ११ मिनिटं दोन-दोन येतात. आणि उरलेल्या ५ मिनिटांत तीन किंवा त्याहून जास्त.

ऑपरेटर २२ मिनिटं रिकामा बसलाय आणि तरीही लोक वाट बघतायत. दोन्ही गोष्टी एकाच तासात, एकाच वेळी खऱ्या आहेत.

आता पुन्हा बोरिवलीच्या ऑफिसात या. होस्टिंगवाला रिपोर्ट दाखवतो की तुमच्या मशीनचा दिवसभराचा सरासरी वापर फक्त ४० टक्के आहे. तो खोटं बोलत नाहीये. तुमचा स्टाफही खोटं बोलत नाहीये. सरासरी खोटं बोलतेय.

१९१७ : रांगेचं सूत्र

यानंतर आठ वर्षांनी एर्लांग यांचा सगळ्यात गाजलेला निबंध आला. तेव्हा ऑटोमॅटिक एक्सचेंजचा जमाना सुरू होत होता. ऑपरेटरच्या जागी यंत्र येणार, मग यंत्र किती लागतील हे आधीच ठरवायला हवं. १९१७ च्या निबंधात त्यांनी दोन सूत्रं दिली. पहिलं, सगळ्या लाइन भरलेल्या असल्यानं किती फोन वाया जातील. दुसरं, फोन वाया न घालवता रांगेत ठेवला तर किती जणांना आणि किती वेळ थांबावं लागेल.

सूत्र इथे देत नाही, पण ते काय सांगतं ते आकड्यांत बघू.

समजा ऑफिसात ३० जण आहेत. दिवसभर सगळे बसलेत, पण एका तासात प्रत्येकाचं काम प्रोसेसरला खऱ्या अर्थानं ६ मिनिटं राबवतं. ३० गुणिले ६ म्हणजे १८० मिनिटं. म्हणजे ३ तासांचं काम एका तासात आलं.

साधं गणित म्हणेल ३ कोअर घ्या. काम भागलं.

एर्लांग यांचं सूत्र म्हणतं, ३ कोअर घेतले तर रांग वाढतच जाईल, कधीच संपणार नाही. ४ घेतले तर सुमारे ५१ टक्के कामांना थांबावं लागेल. ५ घेतले तर २४ टक्के. ६ घेतले तर १० टक्के.

बघा, ४ वरून ६ वर गेलं की थांबणारे निम्म्यावरून दहात एकावर येतात. पण त्यापुढे १२ किंवा १६ घेऊन मिळणारा फायदा नगण्य आहे. म्हणजे कमी घेणं जितकं महागात पडतं, तितकंच डोळे झाकून जास्त घेणंही.

दुसरी गोष्ट. एकच खिडकी असेल आणि ती निम्मा वेळ व्यग्र असेल, तर कामाला लागणारा एकूण वेळ दुप्पट होतो. ८० टक्के व्यग्र असेल तर पाचपट. ९० टक्के असेल तर दहापट. ९५ टक्के असेल तर वीसपट. ८० ते ९५ मध्ये फरक १५ टक्क्यांचा, पण लागणारा एकूण वेळ चौपट. अंधेरीला सकाळी नऊच्या सुमारास ब्रिजवर चढलेल्या कुणालाही हे सूत्र समजावून सांगायची गरज नाही. गर्दी हळूहळू वाढते, पण चालणं एकदम थांबतं.

आणि तिसरी गोष्ट शेअरिंगच्या बाजूची. समजा दहा ऑफिसं आहेत आणि प्रत्येकाला तासाला मिळून एका लाइनभर काम आहे. शंभरात एकापेक्षा जास्त फोन वाया जाऊ नयेत अशी अट ठेवली, तर प्रत्येकाला स्वतंत्र ५ लाइन लागतात. दहा ऑफिसांच्या मिळून ५०. पण त्याच लाइन सगळ्यांनी एकत्र वापरल्या, तर १८ पुरतात.

५० चं काम १८ मध्ये. आजचा अख्खा क्लाउडचा धंदा या फरकावर उभा आहे.

दिवा रात्री उशिरापर्यंत

एर्लांग यांनी लग्न केलं नाही. दिवस कंपनीचा आणि रात्र अभ्यासाची. घरात पुस्तकांचा मोठा संग्रह, त्यात गणित आणि खगोल तर होतंच, इतिहास, तत्त्वज्ञान आणि कविताही होत्या.

लिहिण्याची पद्धत बोलण्यासारखीच, अगदी कमी शब्दांत. इतकी की त्यांचे निबंध समजायला मोठमोठ्यांना घाम फुटायचा. अमेरिकेतल्या बेल लॅब्जमधला एक संशोधक त्यांचं लिखाण मुळातून वाचता यावं म्हणून डॅनिश शिकला, असं सांगितलं जातं. पुढे इंग्रजी, फ्रेंच, जर्मन भाषांतरं झाली. ब्रिटनच्या टपाल खात्यानं, ज्याच्याकडे तिथले टेलिफोन होते, लाइनचा हिशेब करायला त्यांचं सूत्र स्वीकारलं.

आणखी एक गोष्ट फार कमी जणांना माहिती होती. अडलेनडलेले लोक मदतीसाठी त्यांच्या प्रयोगशाळेच्या दारात यायचे. एर्लांग द्यायचे, पण कुणाला कळणार नाही अशा बेतानं.

कंपनीत जवळपास वीस वर्षं झाली. या काळात आजारपणाची एकही रजा नाही. जानेवारी १९२९ मध्ये पोटाच्या ऑपरेशनसाठी त्यांना पहिल्यांदा दवाखान्यात भरती व्हावं लागलं. त्यातून ते उठले नाहीत. ३ फेब्रुवारी १९२९, रविवारी ते गेले. वय फक्त ५१.

माणूस गेला, नाव मोजमाप झालं

१९४६ साली टेलिफोनच्या आंतरराष्ट्रीय समितीनं वाहतूक मोजण्याच्या एककाला एर्लांग हे नाव दिलं. एक लाइन तासभर सलग व्यग्र म्हणजे एक एर्लांग. तीन-तीन मिनिटांचे २० कॉल म्हणजेही एक एर्लांग. जसा वॅट, जसा न्यूटन, तसा एर्लांग.

मग कॉम्प्युटर आले. सुरुवातीला ते इतके महाग होते की एकट्याला परवडायचेच नाहीत, म्हणून अनेकांनी एकच वाटून घ्यायची पद्धत निघाली. १९६५ साली अमेरिकेतल्या एमआयटीत ॲलन शेर नावाच्या विद्यार्थ्यानं अशा वाटून घेतलेल्या कॉम्प्युटरवर लोकांना किती थांबावं लागतं याचा अभ्यास केला. रांगेच्या गणितातून निघालेलं साधं मॉडेल प्रत्यक्ष मोजमापाशी छान जुळलं. टेलिफोनचं शास्त्र कॉम्प्युटरमध्ये शिरलं ते असं. १९७२ साली आयबीएमनं व्हीएम/३७० बाजारात आणलं, एका मशीनमध्ये अनेक मशीन. पुढे हीच कल्पना साध्या सर्व्हरवर आली आणि आज तुमच्या ऑफिसच्या बिलावर येते.

इकडे १९८६ च्या सुमारास स्वीडनमधल्या एरिक्सन कंपनीत टेलिफोन एक्सचेंजसाठी एक नवी प्रोग्रामिंग भाषा तयार झाली. हजारो कॉल एकाच वेळी सांभाळणारी. तिचं नाव ठेवलं एर्लांग. त्यात एरिक्सन लँग्वेजचं लघुरूपही बसत होतं आणि या गणितज्ञाला सलामही. व्हॉट्सॲपनं आपला सर्व्हर याच भाषेवर उभारला आणि २०१२ मध्ये जाहीर केलं की त्यांचा एकेक सर्व्हर २० लाखांहून जास्त कनेक्शन सांभाळतोय. दोन वर्षांनी फेसबुकनं ही कंपनी १९ अब्ज डॉलरला विकत घ्यायचा करार केला.

मग बोरिवलीच्या सरांनी करायचं काय?

एर्लांग यांच्या पद्धतीनं जायचं तर शिडी घेऊन आधी मॅनहोलमध्ये उतरायचं. म्हणजे मोजायचं. सरासरी नाही, गर्दीचा तास मोजायचा. टेलिफोनवाले पहिल्यापासून हेच करत आलेत.

रांग नेमकी कुठे आहे, हे बघायचं. चार जागा असतात.

एक, प्रोसेसर. इथं एक चकवा आहे. विंडोजच्या व्हर्च्युअल मशीनमधला टास्क मॅनेजर फक्त तुमच्या खोलीतलं दाखवतो. खऱ्या कोअरसाठी बाहेर तुमचं मशीन किती वेळ ताटकळलं, ते त्यात दिसत नाही. म्हणून कधीकधी प्रोसेसर ३० टक्के दिसतो आणि सॉफ्टवेअर मात्र रांगतं. लिनक्समध्ये टॉप कमांडच्या ओळीत हा वेळ स्टील टाइम म्हणून दिसतो. व्हीएमवेअरमध्ये त्याला सीपीयू रेडी म्हणतात, आणि तो आकडा होस्टिंगवाल्याकडे असतो. तो मागून घ्या. तो सतत चढा असेल, तर गडबड शेजाऱ्यांची आहे. तिथं आणखी व्हर्च्युअल कोअर घेऊन उपयोग नाही, उलट जास्त कोअरवालं मशीन भरलेल्या सर्व्हरवर जास्त ताटकळू शकतं. तिथं मागायचं ते राखीव कोअर किंवा कमी भरलेला सर्व्हर.

दोन, डिस्क. साधी फिरती हार्ड डिस्क सेकंदाला विखुरलेली शंभर-दोनशे कामंच उरकते. एसएसडी हजारो उरकते. अकाउंटिंगमध्ये अडतं ते बरेचदा इथंच. रिसोर्स मॉनिटरमध्ये डिस्कची रांग दिसते, ती बघा.

तीन, मेमरी. रॅम संपली की मशीन डिस्कवर लिहायला लागतं आणि सगळी गर्दी दोन नंबरच्या रांगेत जाऊन उभी राहते.

चार, नेटवर्क. सॉफ्टवेअर क्लाउडवर आणि डेटा ऑफिसच्या कॉम्प्युटरवर, असं असेल तर प्रत्येक एंट्रीला बोरिवली ते डेटा सेंटर अशी वारी होते. दोन्ही एकाच ठिकाणी ठेवा.

मोजून झालं की पैसे खर्च करण्याआधी फुकटचे उपाय. बॅकअप आणि अँटिव्हायरसचं पूर्ण स्कॅन रात्री ठेवा, दुपारी ४ ला नाही. काम संपलं की फक्त विंडो बंद करू नका, साइन आउट करा, नाहीतर ते सेशन मेमरी अडवून बसतं. जुन्या वर्षांचा डेटा वेगळा काढा, म्हणजे प्रत्येक रिपोर्टला कमी पानं चाळावी लागतील. मोठे रिपोर्ट एकाच वेळी चौघांनी काढण्यापेक्षा एकानं काढून चौघांना द्या.

आणि कोअर घ्यायचेच असतील तर एक विचारा, आमचं सॉफ्टवेअर एक रिपोर्ट एकाच कोअरवर चालवतं का? तसं असेल तर तो एक रिपोर्ट आठ कोअरवरही तितकाच वेळ घेणार. तिथं जास्त कोअर नाही, जास्त वेगाचा कोअर लागतो.

एक गोम मात्र आहे

एर्लांग यांचं सगळं गणित एका अटीवर उभं आहे. लोक एकमेकांना न विचारता, आपापल्या वेळेला फोन करतात. म्हणूनच ५० चं काम १८ मध्ये होतं.

पण ७ तारखेला टीडीएस, ११ तारखेला जीएसटीआर-१, २० तारखेला ३बी. मुंबईतलं प्रत्येक ऑफिस त्याच दिवशी, त्याच तासाला मशीनवर तुटून पडतं. सरकारनं वेळ ठरवून दिल्यावर घोळका योगायोगानं पडत नाही, तो हमखास पडतो. आणि तुमच्या सर्व्हरवरचे शेजारीही सीएच असतील, तर वाटून घेण्याचा फायदा नेमका त्याच दिवशी गायब होतो, ज्या दिवशी तो हवा असतो.

याला इलाज दोनच. तीन दिवसांसाठी तात्पुरती क्षमता वाढवून घ्यायची, किंवा काम पुढेमागे सरकवायचं. २० चं काम १६ ला उरकणाऱ्या क्लायंटला थोडी सवलत दिली, तर ती अपग्रेडपेक्षा स्वस्त पडेल.

मुंबईकरांना हे नवं नाही. अंधेरीहून ८ ची लोकल पकडायची की ७ वाजून १० ची, हा हिशेब आपण रोज करतो. फरक एवढाच की त्यासाठी आपण रेल्वेला डबे वाढवायचे पैसे देत नाही, आपणच थोडं लवकर निघतो.

तेव्हा पुढच्या २० तारखेला ते निळं चक्र फिरायला लागलं, तर होस्टिंगवाल्याला फोन लावण्याआधी एकदा मोजून बघा. कोपनहेगनच्या रस्त्यावर मागे शिडीवाला घेऊन फिरणारा मास्तर आयुष्यभर तेच करत आला होता.